सही नसलेली चित्रं

रामनवमीला पोहरादेवीत पाय ठेवायला जागा नसते. मानोरा तालुक्यातलं हे गाव एरवी लहानसंच, पण यात्रेच्या दिवसांत तांडेच्या तांडे सेवालाल महाराजांच्या समाधीला आणि जगदंबेच्या दर्शनाला येतात. काही वर्षांपूर्वी त्या गर्दीतून बाजूला होऊन मी एका म्हाताऱ्या बाईजवळ लिंबाखाली बसले होते. तिच्या मांडीवर बोचकं होतं आणि बोचक्यात तिची लग्नातली कांचळी. कांचळी म्हणजे बंजारा बाईची चोळी. पाठ उघडी, मागे बांधायला दोऱ्या, पुढे आरसे, कवड्या आणि बोटभरही जागा न सोडलेलं भरतकाम. मी ती पुढून न्याहाळत होते. तिने माझ्या हातातून घेतली, उलटी केली आणि आतल्या बाजूवर बोट ठेवलं. तिथे टाके बारीक होते, एकाला एक लागून. चार बोटं पुढे ते लांब झाले होते, थोडे सैल, दोऱ्याचा लालही वेगळा. “हे याडीनं केलं. इथून पुढं म्या.” गोरबोलीत याडी म्हणजे आई. लेकीच्या लग्नाची कांचळी अर्धी झाली आणि आई गेली. उरलेली लेकीने पुरी केली. पुढून यातलं काही दिसत नव्हतं.

या पुस्तकातली चित्रं आणि लेख यांचा धागा मी त्या आतल्या बाजूने धरला आहे.

स्त्रियांचा इतिहास चित्रातून शोधायचा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी तसबिरी येतात. जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई. शाळेच्या भिंतीवर, जयंतीच्या मंडपात, कॅलेंडरवर. त्या हव्यातच. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींनी चेहरा काढायला पहिल्यांदा हात घातला तो सावित्रीबाईंच्याच. पण हा झाला विषयाचा उंबरठा. आत गेलं की वेगळे प्रश्न भेटतात. बाईचं चित्र कोणी काढलं, कोणासाठी काढलं, समोर बसवताना तिला विचारलं होतं का? बाईने स्वतः जे काढलं, शिवलं, सारवलं, त्याला चित्र म्हणायचं की घरकाम? आणि आजची एखादी चित्रकार आपल्या आजीच्या आयुष्याकडे वळते तेव्हा ती आजीचं देणं फेडते, की तिच्याकडून आणखी एकदा काही घेऊन जाते?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. वाशीम जिल्ह्याच्या, आणि एकूणच विदर्भाच्या, कलेच्या इतिहासात बायका नाहीत असं कोणी म्हणू नये. त्या दोनदा आहेत. एकदा भिंतीवर, कागदावर, दुसऱ्याने काढलेल्या रूपात. आणि एकदा कापडावर, अंगणात, हातावरच्या गोंदणात, स्वतःच्या हाताने. पहिल्या ठिकाणी नाव दुसऱ्याचं आहे, दुसऱ्या ठिकाणी नावच नाही. चित्रकाराने काम करायचं ते या रिकाम्या जागेत.

वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. विंध्यशक्ती दुसरा याचा संस्कृत-प्राकृत ताम्रपट १९३९ साली इथेच सापडला. याच शाखेतल्या हरिषेण राजाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याच्या लेण्यांचं मोठं काम झालं. त्याचा मंत्री वराहदेव याने सोळावं लेणं करवून घेतलं आणि तसं शिलालेखात लिहूनही ठेवलं. तेव्हा अजिंठ्याच्या भिंतींवरच्या स्त्रियांचं एक माहेर वाशीम आहे, असं आम्ही म्हटलं तर ते खोटं ठरणार नाही. सतराव्या लेण्यातली हातात आरसा धरून शृंगार करणारी, सोळाव्यातली नंदाची बायको सुंदरी, मान कलंडलेली आणि सख्यांनी सावरलेली. या रेषा काढणाऱ्यांनी बायकांना फार जवळून, फार मायेने पाहिलं होतं, याबद्दल मला शंका नाही. नाव उरलं ते दान देणाऱ्याचं. काढणाऱ्यांचं उरलं नाही, आणि जिच्याकडे पाहून ती मान काढली तिचं तर नाहीच.

वत्सगुल्माची दुसरी आठवण राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त आहे. दहाव्या शतकाच्या सुमाराचा हा ग्रंथ. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून निघून जातो. त्याला वळवायला गौरी साहित्यविद्यावधू निर्माण करते आणि ती त्याच्या मागोमाग देशोदेशी फिरते. ज्या प्रदेशात ती जसा वेष करते तसा तिथल्या बायका करू लागतात. तिच्या वेषावरून त्या प्रदेशाची प्रवृत्ती ठरते, नृत्यविलासावरून वृत्ती आणि बोलण्यावरून रीती. पूर्वेकडे काव्यपुरुष तिच्याकडे वळत नाही, पांचाळात जरासा वळतो, विदर्भात पुरता वळतो, आणि दोघांचं लग्न लागतं ते वत्सगुल्मात. पंडित या कथेत वैदर्भी रीतीचा गौरव वाचतात. मला त्यातला वेष दिसतो. शैली कशाला म्हणायचं हे सांगताना शास्त्रकाराने बाईचं नेसणं-लेणं पहिल्या पायरीवर ठेवलं आणि बोलणं नंतर आणलं. पुढे आपण बोलण्याला साहित्य म्हटलं आणि नेसण्या-लेण्याला फक्त पोशाख. पोहरादेवीच्या यात्रेत कांचळी पाहताना मला हा आमच्याच गावात लागलेला लग्नसोहळा आठवतो, आणि त्यातला वधूपक्ष कुठे गेला असं वाटत राहतं.

विदर्भाच्या लेकींची चित्रं तर अगणित. लोपामुद्रा, इंदुमती, दमयंती, रुक्मिणी. कवींनी त्यांना सजवलं, चित्रकारांनी रंगवलं. रविवर्म्याने १८९९च्या सुमारास हंसाशी बोलणारी दमयंती काढली. त्याच्या छापखान्यातून १८९४पासून निघणाऱ्या रंगीत चित्रांनी देवघरं आणि दिवाणखाने भरले, आणि पुराणातली बाई कशी दिसते हे लाखो लोकांच्या मनात कायमचं ठरून गेलं. रुक्मिणीचं भाग्य थोडं वेगळं. तेराव्या शतकात चक्रधरांची शिष्या महदंबा हिने तिच्या लग्नाचे ‘धवळे’ गायले. रिद्धपूरला, गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात. मराठीतली ही आद्य कवयित्री. विदर्भाच्या लेकीचं लग्न एका बाईच्या तोंडून मराठीत आलं, तेही लग्नघरात बायका गातात त्या चालीच्या गाण्यातून.

त्याच रिद्धपूरला प्रभावतीगुप्तेचा ताम्रपट सापडला. ही नंदिवर्धनच्या वाकाटक शाखेतली राणी, चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी. नवरा रुद्रसेन गेल्यावर मुलं लहान असताना तिने राज्य चालवलं. दानपत्रात स्वतःची ओळख देताना ती वंशावळ माहेरची सांगते आणि गोत्रही बापाचंच, धारण. सोळाशे वर्षांपूर्वीची, नवऱ्याच्या राज्यावर बसलेली ही बाई ‘मी कोण’ या प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या शब्दांत देऊन गेली. नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा निघाली, वर शंख. ओळख या विषयावर बोलताना आम्ही चित्रकार मंडळी परदेशी पुस्तकांची नावं फार घेतो. मला वाटतं, सुरुवात या मुद्रेपासून करावी. बाईचं नाव, तिच्याच हुकमाने उमटलेलं.

मधली शतकं मी इथे ओलांडते, कारण या पुस्तकाला लागणारा पुढचा मोठा बदल इंग्रजी अमलात होतो. बाईचं चित्र तेव्हा ‘नमुना’ झालं. १८६८ ते १८७५ या काळात निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या आठ खंडांत माणसं फोटोत उभी केली ती जातीचा नमुना म्हणून. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर मोठा ग्रंथ लिहिला. वऱ्हाड तेव्हा त्याच प्रांतात होता. बंजारा बायकांचा घागरा, दागिने, हातभर बांगड्या यांचं वर्णन त्यात बारकाईने आहे. ते घडवणारी कोण, तिने हा टाका कोणाकडून उचलला, हे विचारायचं त्या काळच्या नोंदीत बसत नव्हतं. आणि काळ तर असा, की रेल्वे आल्यावर बैलांच्या पाठीवरचा धान्याचा आणि मिठाचा व्यापार बसला होता आणि १८७१च्या कायद्याने अनेक भटक्या समाजांवर, त्यात बंजाऱ्यांवरही, गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ साली गेला. बंजाऱ्यांचा तांडा रानात स्थिरावला, बैल विकले गेले, पण फेटिया, म्हणजे घागरा, आणि कांचळी बायकांनी सोडली नाही. पुरुषांचा पोशाख एका पिढीत बदलला. समाजाची ओळख अंगावर वागवायचं ओझं बायकांवर आलं. ते अभिमानाचंही होतं आणि ओझंही होतं. या पुस्तकात दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांच्यात मी निवाडा केलेला नाही.

‘नमुन्या’चं आणखी एक रूप १९२० सालचं, ऑटो रोथफेल्ड यांचं ‘विमेन ऑफ इंडिया’. त्यातली चित्रं महादेव विश्वनाथ धुरंधरांची. रेखाटनावर त्यांचा जो हात होता तो मी विद्यार्थ्यांना आजही दाखवते. पण त्या पानांवर बाई म्हणजे तिची जात आणि तिची साडी. त्याच घरात लहानाची मोठी झालेली त्यांची मुलगी अंबिका १९३१ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेऊन बाहेर पडली. बाईने रीतसर चित्रकला शिकणं तेव्हा इतकं दुर्मीळ होतं की नंतरच्या प्रत्येक मुलीने तिचं नाव घ्यावं. तिने मराठीत आठवणी लिहिल्या, ‘माझी स्मरणचित्रे’. वडिलांनी शेकडो बायका काढल्या, लेकीने आपलं आयुष्य स्वतः सांगितलं. एका घरातल्या दोन पिढ्यांत एवढं अंतर कापलं गेलं.

अमृता शेरगिल १९३६च्या अखेरीस अजिंठा पाहून गेली आणि तिचा ब्रशच बदलला. १९३७ सालच्या तिच्या दक्षिणेकडच्या चित्रांत, विशेषतः वधूच्या शृंगाराच्या चित्रात, अजिंठ्याचा सपाट, गडद रंग आहे, मात्र डोळ्यांतला उत्सव गेलेला आहे. तीच शृंगाराची घटका, पण तिच्यात बसलेली मुलगी आता विचारात पडली आहे. तिच्याही आधी, १९०९ ते १९११ या काळात, लेडी हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस, असितकुमार हलदार अशा तरुणांना घेऊन लेण्यांतल्या चित्रांच्या प्रती केल्या होत्या. या बाई इंग्लंडात स्त्रियांच्या मताधिकाराच्या बाजूने उभ्या राहिलेल्या. वत्सगुल्माच्या राजाच्या काळातल्या भिंती दोन बायकांनी चौदाशे वर्षांनंतर पुन्हा वाचल्या, हे आमच्या जिल्ह्यातल्या मुलींना कोणी सांगत नाही.

मुंबईत १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला, त्याचे सहाही संस्थापक पुरुष. त्यांच्याबरोबर पुढे चित्रं मांडणारी भानू राजोपाध्ये कोल्हापूरची. ती नंतर वेशभूषेकडे वळली आणि भानू अथय्या या नावाने १९८३ साली ‘गांधी’साठी ऑस्कर घेऊन आली. चित्रकलेने एक चित्रकार गमावली असं म्हणणारे आहेत. राजशेखराच्या हिशेबाने पाहिलं तर ती शैलीच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसली. आणि आमच्या मातीची म्हणावी अशी बी. प्रभा. नागपूरजवळच्या बेला गावची, नागपूर आणि मग जे. जे. इथे शिकलेली. तिच्या चित्रांतल्या कोळणी आणि खेड्यातल्या बायका उंच, निमुळत्या, गप्प उभ्या असतात. त्या सुंदर दिसतात म्हणून घरोघर लागल्या, पण त्यांच्याजवळ जरा थांबलं की लक्षात येतं, एकही हसत नाही. हा तिचा निर्णय होता. शेतातून परत येणाऱ्या बाईला तिने शोभेचं हसू चिकटवलं नाही.

स्वतःला बाई म्हणून, आणि तेही इतिहासातली बाई म्हणून, प्रश्न विचारणारी कला आपल्याकडे सत्तरच्या दशकाच्या शेवटी जोर धरू लागली, आणि तिच्या मागची एक मोठी ठिणगी विदर्भातली आहे. देसाईगंजच्या पोलीस चौकीत १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. त्याच वर्षी ‘मुलगी झाली हो’ हे पथनाट्य चौकाचौकात होऊ लागलं. याच जमिनीवर शंभर वर्षं आधी, १८८२ साली, आमच्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून ठेवली होती. त्यामुळे स्त्रीवाद बाहेरून आला असं कोणी म्हणालं की मी बुलढाण्याची वाट दाखवते.

त्या वातावरणात नलिनी मलानी, माधवी पारेख, नीलिमा शेख आणि अर्पिता सिंग या चौघींनी १९८७ ते १९८९ दरम्यान ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ हे प्रदर्शन गावोगावच्या कलासंस्थांत नेलं. मलानींनी पुढे सीता आणि ग्रीक पुराणातल्या मेडिया, कॅसांड्रा अशा बायका फिरत्या पारदर्शक नळकांड्यांवर रंगवल्या, सावल्या भिंतीवर फिरवल्या. नवजोत अल्ताफ मुंबईहून बस्तरला गेल्या आणि १९९७पासून तिथल्या आदिवासी कलाकारांबरोबर काम करत राहिल्या. त्यांत लाकूड कोरणाऱ्या शांतीबाई आहेत. सोबत केलेल्या कामावर नावं सोबत येतात, ही त्या कामाची मला सर्वांत मोलाची वाटणारी बाजू. शकुंतला कुलकर्णी यांनी वेताची चिलखतं विणून घेतली, ती अंगावर चढवून त्या शहरात उभ्या राहिल्या, आणि २०१२ साली ते काम प्रदर्शनात आलं. चिलखत बाईला वाचवतं आणि कोंडतंही. हातभर बांगड्यांबद्दल तांड्यातल्या बायका मला जे सांगत आल्या, ते या वेताच्या सांगाड्यात मला पुन्हा ऐकू आलं.

जगात या विषयाची चर्चा लिंडा नॉक्लिनच्या १९७१ सालच्या लेखापासून मोजतात. थोर स्त्री-चित्रकार का झाल्या नाहीत, असा त्या लेखाचा प्रश्न, आणि उत्तर असं की शाळा, शिष्यवृत्त्या, मॉडेल समोर बसवून शिकण्याची मुभा या सगळ्यांचे दरवाजेच बंद होते. जुडी शिकागोने १९७४ ते १९७९ या काळात त्रिकोणी जेवणाचं टेबल मांडलं, ३९ पानांचं, प्रत्येक पान इतिहासातल्या एकेका बाईचं, ताटाखाली भरतकाम केलेली पट्टी. शेकडो हातांनी ते शिवलं, त्यांची नावं तिथल्या फलकांवर आहेत, तरी लोकांच्या तोंडी एकच नाव राहिलं. रोझिका पार्करने १९८४ साली भरतकामाचा इतिहास लिहिला आणि कला वेगळी, कसब वेगळं ही विभागणी बाई-पुरुष विभागणीवर कशी बेतली आहे ते दाखवलं. ते वाचताना मला माझं शिक्षण आठवलं. गोधडीच्या टाक्यांवरून मी केलेली रेखाटनांची वही आमच्या कला महाविद्यालयातल्या एका सरांनी न उलगडताच परत केली होती. हे क्राफ्ट आहे, म्हणाले. मी ती वही वर्षभर उघडली नाही.

नॉक्लिनचा प्रश्न मोठा आहे, पण तांड्यात किंवा वऱ्हाडी वाड्यात तो जसाच्या तसा चालत नाही. इथे दरवाजा बंद असण्याआधीच आत काय चाललंय ते कोणी मोजलं नव्हतं. वारली चित्रांचं उदाहरण घ्या. लग्नाचा चौक भिंतीवर लिहिण्याचा मान सवाष्णींचा, आणि त्या वेळी गाणारी धवलेरीही बाईच. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर कागद आणि रंग घेऊन गेले, जिव्या सोमा मशे यांच्या हातून ती कला जगभर गेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची प्रतिभा वादातीत आहे. पण भिंतीवरून कागदावर येताना, म्हणजे सही करायची जागा तयार होताना, सही पुरुषाची झाली, हेही तितकंच खरं आहे.

याच्या उलट चांगली वाट ज्यांनी पाडली त्यांचं ऋण या पुस्तकावर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या जमवल्या आणि गाणारीचं नाव-गाव नोंदवलं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना घरी जाऊन भेटून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे १९८९ सालचं पुस्तक उभं केलं. चित्रकलेच्या पुस्तकाला ही दोन कामं गुरुस्थानी कशी, असं कोणी विचारेल. बाईला तिचं नाव विचारायचं आणि ते लिहायचं, एवढं मी त्यांच्याकडून शिकले.

आत्ताच हे पुस्तक का, याला कारण आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. बंजारा समाजाचा इतिहास त्याच्याच तीर्थक्षेत्री मांडला गेला याचा आनंद मोठा आहे. पण त्याच काळात तांड्यांतल्या पेट्या रिकाम्या होत आहेत. जुन्या कांचळ्या आणि फेटिये व्यापारी पाचशे-हजारात उचलतात, त्यांचे तुकडे करून पर्स आणि पट्टे शिवतात, आणि नवरात्रात शहरातल्या दुकानांत ‘बंजारा वर्क’ म्हणून मशीनवरचं भरतकाम लटकतं. ऊसतोडीला आणि वीटभट्टीला सहा-सहा महिने घर सोडणाऱ्या बाईला टाका घालायला सवड कुठली? सुना साडी नेसतात, नाती पंजाबी ड्रेस घालतात, आणि ते त्यांच्या सोयीचं आहे. आणखी दहा-पंधरा वर्षांनी उलटी कांचळी वाचून दाखवणारी बाई शोधावी लागेल. दुसरीकडे नावाचा प्रश्न सरकारी कागदातही आला आहे. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं महाराष्ट्रात बंधनकारक झालं. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये गणल्या गेलेल्या सहा जिल्ह्यांत वाशीम होता. इथल्या कितीतरी बायकांनी सातबाऱ्यावर आपलं नाव पाहिलं ते नवरा गेल्यावर, तलाठ्याच्या कार्यालयात हेलपाटे घालून. नाव लागणं म्हणजे काय, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं.

या पुस्तकात काय करू पाहिलं आहे ते थोडक्यात सांगते. माझी चित्रं आहेत, पण ती एकटी नाहीत. प्रत्येक चित्राशेजारी ज्या वस्तूवरून ते आलं ती वस्तू आहे आणि ती करणारीचं नाव तिच्या परवानगीने आहे. वस्तूंचे शब्द मी बदललेले नाहीत. तांड्यात ज्याला टुकरी म्हणतात त्याला ओढणी म्हटलं नाही, घुगरी-टोपलीला केसांचे झुमके म्हटलं नाही. ज्यांनी नको म्हटलं त्यांची पानं नाहीत. मी बंजारा नाही, कारंज्याच्या बाजूच्या कुणब्याच्या घरातली आहे. त्यामुळे त्यांच्या टाक्याची नक्कल मी माझ्या चित्रात केलेली नाही. मी रेषा काढते, टाका त्यांचा. वऱ्हाडातल्या भुलाबाईची माती, दिवाळीआधी पोतारलेल्या भिंती, गोंदणातली तुळस आणि विंचू, मुस्लिम मोहल्ल्यांतली मेंदी आणि शिवणकाम, हे सगळं या पुस्तकात यायला हवं होतं. थोडंच आलं. भूगोल मी मुद्दाम लहान ठेवला, म्हणजे प्रत्येक घरी दोनदा तरी जाता येईल.

अशा कामात चित्रकाराची नजर स्वतःलाच फसवते, याचा एक धडा मला माझ्या आजीकडूनच मिळाला. ती भिंतीला पांढऱ्या मातीचा हात द्यायची, खाली गेरूचा पट्टा ओढायची, आणि पट्टा संपतो तिथे दरवर्षी तीन बोटांचे ठसे असायचे. मी कॉलेजातून सुटीवर आले होते आणि मला वाटलं, सापडली, हीच आजीची सही. मी कौतुकाने विचारलं. तिने भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “सही कायची व पोरी, हात पुसला.” ते ठसे मी या पुस्तकात छापले आहेत, तिच्या उत्तरासकट.

आणि ती लिंबाखालची कांचळी. पुस्तक छापायला द्यायच्या आधी मी तांड्यावर गेले, चित्र दाखवलं आणि खाली काय नाव घालू म्हणून विचारलं. तिने चित्र उलटं करून मागची बाजू पाहिली, तिथे कोरा कागद होता. मग म्हणाली, माझं नको, जिनं सुरू केलं तिचं टाक. मी आईचं नाव विचारलं. ती बराच वेळ आठवत राहिली. तिने सुनेला हाक मारली, सुनेने शेजारच्या ओसरीवरच्या म्हाताऱ्या दिराला विचारलं. तांड्यात त्या बाईला सगळे नात्याने हाक मारायचे, कोणाची काकी, कोणाची भोजाई. लेकीच्या तोंडी एकच शब्द होता. तोच घाल, म्हणाली. पहिल्या चित्राखाली म्हणून दोन नावं आहेत. आधी ‘याडी’ आणि मग, माझ्या आग्रहाखातर, तिच्या लेकीचं.